लौ मास्तरांची डावखुरी शिष्या

लौ बोन्येन यांना सगळी गल्ली 'मास्तर' म्हणायची, पण ते कुठल्या शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते. चीनमधल्या शाओशिंग गावी दारूच्या कारखान्यात ते अक्षरं काढायचे. तांदळाची पिवळी दारू भरलेल्या रांजणांवर नाव आणि साल घालायचं, शेजारी बांबूचं एखादं बेट नाहीतर थंडीत फुलणारी मेइची फांदी काढायची, हे त्यांचं काम. कारखान्याची भिंत रंगवायची निघाली की शिडीवर चढून पुरुषभर उंचीची अक्षरंही तेच काढायचे. पुढे छापील लेबलं आली, रांजणांच्या जागी बाटल्या आल्या आणि मास्तरांना गोदामात नेऊन बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले. मास्तर हे नाव मात्र टिकलं, कारण नव्या वर्षाच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक दारासाठी लाल कागदाच्या जोडपट्ट्या, चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या शुभेच्छांच्या दोन ओळी, तेच लिहून द्यायचे. कोणी अक्षराचं कौतुक केलं तर हसून विषय बदलायचे.

नेरिस त्यांच्याकडे आली ती थांग आजीच्या मागोमाग. कालव्यावरच्या पुलाच्या तोंडाशी आजीचं दुकान होतं. आंबवलेल्या टोफूचे तुकडे तळून ती विकायची आणि त्या वासावरून परका माणूससुद्धा पूल शोधत यायचा. ऐंशी उलटली होती, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचे लोक वळून बघायचे.

"बोन्येन, ही बाई सकाळपासून तुला शोधतेय," आजी दारातूनच म्हणाली. "कारखान्याच्या भिंतीवरचं अक्षर कोणी लिहिलं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आमच्या बोन्येनने. अजून धडधाकट आहे, चल दाखवते."

आजीच्या मागे एक उंच बाई उभी होती. पन्नाशीची, पिंगट केसांची, कोटाच्या बाहीवर रंगाचा जुना डाग. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पण ते पोटापुरतं. तिच्या देशात ती चित्रकार होती, तैलरंगात मोठी मोठी चित्रं काढायची. चिनी बऱ्यापैकी बोलायची, फक्त सूर चुकायचे, आणि चिनीत 'विकत घेणं' आणि 'विकणं' यांत फरक तेवढा सुराचाच. कागदाच्या दुकानात जाऊन तिने 'मी कागद विकायला आलेय' असं सांगितलं होतं, आणि दुकानदाराने 'आमच्याकडेच पडून आहे, बाई' म्हणत तिची बोळवण केली होती. ही हकिगत आजीने वाटेतच चार घरी ऐकवली होती.

"मास्तर, मला शिकायचंय," नेरिस म्हणाली. "लिहायला. आणि कुंचल्याने चित्रं काढायला."

मास्तर घाबरून एक पाऊल मागे सरकले. "मी कोणाला शिकवत नाही. हांगझोऊला जा. तिथे चांगले प्राध्यापक आहेत."

"जाऊन आले. त्यांचं काम बघितलं, चांगलं आहे. मग इथे ती भिंत बघितली."

"ती भिंत म्हणजे काही…"

"इंग्लंडहून आलीये बिचारी," आजी मध्येच म्हणाली.

"इंग्लंड नाही, आजी. वेल्स."

"असेल. मला शांघायच्या पलीकडचं सगळं एकच."

तेवढ्यात आफंग स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मास्तरांची बायको लग्नापासून त्यांना नावाने हाक मारत नसे. तरुणपणी 'ए' म्हणायची, आता 'म्हाताऱ्या'. "म्हाताऱ्या, बाई दारात ताटकळलीये. शिकवायचं नसेल तर नको शिकवू, चहा तरी देशील की नाही?"

चहा दिला गेला. आणि चहा घेऊन बसलेल्या माणसाला नाही म्हणणं मास्तरांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

भीती कशाची होती, ते त्यांनी आफंगलासुद्धा सांगितलं नाही. नेरिस ज्या अक्षरासाठी आली होती, ते 'दारू' हे अक्षर त्यांनी लिहिलेलंच नव्हतं. भिंतीवर चौकोन आखून, खडूने कडा काढून, मग आत रंग भरला होता. कुठे ओघळ आला तो पुसला होता, कुठे कड वाकडी गेली ती सरळ केली होती. कुंचला हाती धरणारे लोक याला लिहिणं म्हणत नाहीत. कुंचला एकदा टेकला की एका दमात शेवटापर्यंत जायचं, मागे फिरून डागडुजी करायची नाही, हे तर लहान मुलांनाही आधी शिकवतात. रांजणांवर आणि लाल कागदावर मास्तर तसंच लिहायचे. पण बाई रांजण बघून आली नव्हती. शिवाय मास्तरांना गुरू असा कोणी नव्हता. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या रांजणवाल्याकडून जे मिळालं ते मिळालं, बाकी जुने कित्ते गिरवून शिकलेलं. खऱ्या चित्रकाराला हे चार दिवसांत कळेल, आणि मग ती कुठल्या तोंडाने 'मास्तर' म्हणेल, असं त्यांना वाटत राहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी तिला सहाणेवर शाई उगाळायला बसवलं. कांडी उभी धरायची, जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. ते तिला लगेच जमलं. रंग घोटायची सवय होती. मग टेबलावर लोकरीचं जाड कापड अंथरलं, वर कागद ठेवला आणि तिच्यासमोर कुंचला धरला. तिने तो डाव्या हातात घेतला.

"उजव्या हातात," मास्तर म्हणाले.

"मी डावखुरी आहे."

"असशील. अक्षर उजव्या हाताचं असतं. आडवी रेघ डावीकडून उजवीकडे जाते, जाताना किंचित वर चढते. उजवा हात ती ओढतो. डावा हात ढकलेल. ढकललेली रेघ लंगडी होते."

"मी तीस वर्षं या हाताने चित्रं काढतेय, मास्तर."

"मग त्याला जरा विश्रांती. तो कागद धरेल."

तिने कुंचला उजव्या हातात घेतला. आडवी रेघ काढायची होती, एवढंच. उजवीकडे जायचं असेल तर टोक आधी थोडं डावीकडे न्यायचं, आत लपवायचं, मग निघायचं. शेवटी थांबायचं आणि आल्या वाटेने हलकेच परतायचं. तिने काढलेली रेघ ओल्या जमिनीवर गोगलगाय जावी तशी दिसत होती. मध्ये खळगा पडला होता. तिने तो भरायला कुंचला पुन्हा टेकला आणि कागदाने शाई अशी प्यायली की खळग्याच्या जागी काळा फोड आला.

"मागे नाही फिरायचं," मास्तर म्हणाले. म्हणताना त्यांचे कान तापले, कारण भिंत आठवली.

त्यानंतर कित्येक आठवडे ती आडवी रेघच काढत राहिली. मग उभी. मग ठिपका. आफंगला राहवेना. "किती दिवस त्या बाईकडून रेघा मारून घेणार आहेस? शाळेतल्या पोरांना एवढ्यात दहा अक्षरं येतात."

"पाया पक्का होऊ दे."

"पाया की तुझा वेळकाढूपणा?"

मास्तर सहाण पुसायला लागले. आफंगला नक्की काय ठाऊक होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण बोलली ते खरं होतं. ती रेघांमध्ये गुंतलेली असेपर्यंत पुढचं विचारणार नव्हती.

नेरिस मात्र ते फारच मनावर घ्यायची. कधी कधी ती चिडायची, कागद चुरगळायची आणि उठून पुलावर जायची. आजी तिला काही न विचारता टोफूची वाटी पुढे करायची, वर तिखट घालायची. नाकातोंडातून पाणी आलं की रडू आलं होतं ते त्यातच निघून जायचं. "रेघच तर आहे," आजी म्हणायची. "मला लिहितावाचता येत नाही, माझं काय अडलं? खा." खाऊन ती परत यायची आणि आफंग हसू दाबत नवा कागद अंथरायची.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ती अक्षरांपर्यंत आली. मग बांबूपर्यंत. बांबू उजव्या हाताने काढताना तिची पानं काटकोनात वाकलेल्या चमच्यांसारखी व्हायची. "मास्तर, चित्र तरी डाव्या हाताने काढू द्या," तिने एकदा विचारलं. "अक्षराचं कळलं मला. पण बांबूला काय फरक पडतो?"

"एकाच हाताने दोन्ही जमलं पाहिजे," मास्तर म्हणाले, आणि मान फिरवली. खरं कारण असं होतं की तिचा डावा हात मोकळा सुटला तर तो आपल्या पुढे जाईल, हे त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, नवं वर्ष तोंडावर आलेलं असताना, मास्तर कालव्याच्या पायरीवर घसरले. आफंग मोहरीचा पाला धूत होती, टोपली जड झाली म्हणून तिने हाक मारली होती. पायरीवर शेवाळ होतं आणि त्यावर सकाळचं दव गोठलं होतं. टोपली वाचली. मास्तर उजव्या हातावर पडले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाला प्लास्टर घातलं. "हाड जुळेल," त्या म्हणाल्या. "बोटांचं मात्र प्लास्टर निघाल्यावर बघू. या वयात कधी कधी आखडतात."

"लिहिता येईल?"

"सही करता येईल, काका."

"सही नाही म्हणत मी."

त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं आणि "बघू" एवढंच पुन्हा म्हणाल्या.

घरी येईपर्यंत गल्लीभर बातमी झाली होती. मास्तरांच्या टेबलावर लाल कागदांची चळत दरवर्षीसारखी जमू लागली होती. लोकांनी येऊन चौकशी केली, कोणी सूप आणलं, कोणी कोंबडी आणली, आणि जाताना आपापला कागद संकोचत उचलून नेला. बाजारात छापील पट्ट्या मिळत होत्या, सोनेरी अक्षरांच्या, चकचकीत. थांग आजीने मात्र आपला कागद उचलला नाही.

"आजी, यंदा बाजारातून आण," मास्तर म्हणाले.

"नाही आणणार."

"चांगल्या असतात छापील. मीच मागे कारखान्यासाठी आणल्या होत्या."

"बोन्येन, तुला माहीत आहे ना माझ्या दारावर किती वर्षं लाल कागद लागला नाही ते." आजी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होती. तिचा नवरा गेला त्याला आता तीन वर्षं होत होती. तीन वर्षं पुरी होईपर्यंत त्या घराच्या दाराला लाल रंग लागत नसतो. पहिल्या वर्षी तर चौकटीला कागदच नव्हता, पुढे सुतकाचा पिवळा लागला होता. "यंदा सुतक संपतंय. तो गेल्यावर पहिली लाल पट्टी लावायची ती काय मशिनमधून आलेली लावू? त्याला तुझं अक्षर आवडायचं. वाचता त्यालाही येत नव्हतं, पण उभा राहून बघायचा."

"हात बघतेस ना माझा?"

"तुझी ती वेल्सवाली आहे की. वर्षभर शिकतेय. रेघा मारून मारून तिने काय शेत नांगरलं का?"

नेरिस कोपऱ्यात बसून आफंगला पाला निवडू लागत होती. ती दचकली. "आजी, मी परकी आहे. माझं अक्षर पोराटकीचं आहे. सणाच्या दिवशी तुझ्या दारावर…"

"तुझ्या हाताला माझ्या टोफूपेक्षा वाईट वास येतो का?"

"नाही."

"मग झालं. विचार कर. कागद इथेच ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आफंग बाजारात गेलेली होती. घरात कोणी नाही असं बघून मास्तरांनी डाव्या हाताने शाई उगाळली, वर्तमानपत्राचा एक तुकडा पसरला आणि डाव्याच हातात कुंचला धरला. उभं आयुष्य त्या हाताने कागद धरला होता, वाटी धरली होती, शिडी धरली होती. रेघ निघाली ती कागदाबाहेर गेली. दुसरी मध्येच अडकली, कुंचल्याचे केस फाकले. मास्तरांनी पुन्हा काढली, पुन्हा काढली. कपाळावर थंडीतही घाम आला. त्यांना मनात डॉक्टरीणबाईंचं 'बघू' ऐकू येत होतं. बोटं खरंच आखडली तर पुढची सगळी वर्षं हीच रेघ.

दार ढकलून नेरिस आत आली तेव्हा ते कुंचला लपवायलाही विसरले.

ती हसली नाही. तिने टेबलाजवळ येऊन वर्तमानपत्र बघितलं. मग कागद हलकेच उचलून त्यांच्या डाव्या खांद्यासमोर सरकवला आणि तिरका केला. "असा ठेवा. आता हात अंगाला अडत नाही. आणि तुम्ही कुंचला ढकलताय, म्हणून केस फाकताहेत. अगदी उभा धरा. कोपर आधी हलू दे, बोटं मागून येऊ देत."

मास्तरांनी तसं केलं. रेघ लंगडीच आली, पण आली.

"वाईट आहे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "माझी पहिली याहून वाईट होती."

मास्तर खुर्चीत मागे रेलले. आता लपवून काय मिळणार होतं, कोण जाणे; पण तिच्यासमोर अशा रेघा मारून झाल्यावर उरलेलंही बाहेर यायला मोकळं झालं. "नेरिस, तू दुसरा गुरू शोध. माझ्याजवळ तुला द्यायला फार काही नाही. कधीच नव्हतं. ती भिंत ज्यासाठी तू आलीस, ते अक्षर मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी?"

"काढलं मीच. पण लिहिलं नाही. चौकोन आखले, खडूने कडा मारल्या आणि आत रंग भरला. ओघळ पुसले, कडा सारख्या केल्या. तुला म्हणतो मागे फिरू नको, आणि मी त्या अक्षरात सगळीकडे मागे फिरलोय."

नेरिसने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्टूल ओढून समोर बसली. "मास्तर, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रंग भरलेला आहे ते. पहिल्याच दिवशी भिंतीला नाक लावून बघितलं मी. कडेला रंगाचे दोन थर दिसतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात खडू अजून आहे, आतल्या खाचेत. मी चित्रकार आहे हो, एवढं दिसणार नाही?"

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विषय काढला नाहीत. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? एवढं मोठं अक्षर भिंतीवर दुसरं कसं काढणार? हातात झाडू घेऊन?"

मास्तरांनी झाडू धरून शिडीवर चढलेलं स्वतःला डोळ्यांसमोर आणलं. मग त्यांना हसू फुटलं. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गेलं वर्षभर छातीवर कोणी तरी बसलं होतं ते उठून गेलं, असं त्यांना वाटलं. नेरिसही हसत होती, पण तिचं हसू लवकर थांबलं.

"मी का आले ते सांगू?" ती म्हणाली. "तिकडे माझी चित्रं पुरी होईनाशी झाली होती. एका चित्रावर मी दोन वर्षं बसले होते. समुद्राचं होतं. रोज खरवडायची, रोज नवा रंग चढवायची. शेवटी समुद्राचा चिखल झाला. मग दुसरं घेतलं, त्याचंही तेच. मला थांबायचं कुठे ते कळेना. त्या भिंतीवर डागडुजी करूनसुद्धा कोणी तरी योग्य जागी थांबलं होतं. मला वाटलं, याला विचारावं."

"आणि मी तुला रेघा मारायला बसवलं."

"बरं केलंत. रेघ संपली की संपते. वाईट आली तरी तिचं काही करता येत नाही. मला त्याने झोप लागायला लागली, मास्तर. खरंच सांगते. आधी लागत नव्हती."

बाहेर आफंग कोणाशी तरी मुळ्याच्या भावावरून वाद घालत येत होती. मास्तरांनी डोळे पुसले. "बांबू डाव्या हाताने काढ," ते म्हणाले. "आजपासून."

"आणि एकाच हाताने दोन्ही जमलं पाहिजे, त्याचं काय?"

"ते मी उगीच म्हणालो होतो."

तिने लगेच कुंचला डाव्या हातात घेतला. बांबू नाही, तिने मेइची फांदी घेतली. खोड झपकन वर गेलं, मध्ये एका जागी कोरडं पडलं, पांढरं दिसलं, आणि तिने ते तसंच सोडलं. फुलं पाच-सहाच. मास्तर बघत होते. फांदी त्यांच्या पद्धतीची नव्हती. जरा वाऱ्याने झोडपलेली होती, समुद्राकाठच्या झाडासारखी. पण ती जिथे थांबायचं तिथे थांबली होती. त्यांना वाटलं होतं, हे बघताना आपल्याला वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. आफंग टोपली घेऊन आत आली, चित्र बघून म्हणाली, "हे बरंय. हे कोणी काढलं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली.

राहिला आजीचा कागद. नेरिस एकटीने लिहायला तयार होईना. मास्तरांनाही आपला डावा हात दारावर लावण्याच्या लायकीचा वाटेना. शेवटी तोडगा आफंगने काढला. "जोडीच तर आहे. एक पट्टी तू लिही, एक तिला लिहू दे. आणि लवकर लिहा, शाई वाळतेय. दरवर्षी उगाळायची मी, आणि नाव तुझं."

मजकूर मास्तरांनी ठरवला. पहिल्या पट्टीची ओळ होती, 'वसंताचं पाणी जुन्या पुलाखालून वाहतं'. दुसरीची, 'नवं ऊन उघड्या दारातून आत येतं'. पहिली त्यांनी डाव्या हाताने लिहिली. नेरिस शेजारी उभी राहून कागद वर सरकवत होती. 'पाणी' अक्षराचा आकडा नको तितका मोठा झाला, 'पूल' एका बाजूला कलला. त्यांनी कुठे मागे फिरून बघितलं नाही. मग तिने उजव्या हाताने दुसरी ओळ लिहायला घेतली आणि या वेळी मास्तर शेजारी उभे राहिले. "श्वास धरू नको," ते म्हणत होते. "सोड. आता आत जा. थांब. पुरे." 'दार' हे अक्षर लिहिताना तिची एक उभी रेघ लहरली. तिने डोळे मिटून घेतले.

"पुढे जा," मास्तर म्हणाले. "ते झालं."

पट्ट्या वाळल्यावर थांग आजी आली. दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. आजी कमरेवर हात ठेवून दोन्हींकडे वाकून बघू लागली. नेरिस आफंगच्या मागे जाऊन उभी राहिली होती.

"यातली बोन्येनची कुठली?" आजीने विचारलं.

"तूच सांग," आफंग म्हणाली.

"सांगता येत नाही. दोन्ही सारख्याच वाकड्या आहेत." ती खाली बसली, बोटाने एकेका अक्षराच्या कडेकडेने फिरली, कागदाला न लागू देता. "जोडी जमलीये. उलट्या लावू नका म्हणजे झालं, मला कळणार नाही."

सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या मिळून लावल्या. आफंगने कांजी शिजवून खळ केली, नेरिस उंच म्हणून स्टुलावर चढली, मास्तर खालून 'डावीकडे, जरा डावीकडे' म्हणत राहिले. दाराच्या चौकटीवर जुन्या कागदाचे पिवळे तुकडे अजून चिकटलेले होते; आजीने ते नखाने खरवडले नाहीत, त्यांच्यावरच नवा कागद बसवायला सांगितलं. लावून झाल्यावर ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून उभी राहून दाराकडे बघत राहिली. कोणी तिला हाक मारली नाही. थोड्या वेळाने तीच ओरडली, "टोफू जळतोय, कोणी तरी बघा." आणि सगळे पळाले.

प्लास्टर निघालं तेव्हा कालव्याकाठची विलो झाडं पालवली होती. हात बारीक झाला होता, कातडी सोललेली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना मूठ मिटायला सांगितली. पहिल्यांदा बोटं अर्ध्यावर थांबली. मास्तरांनी आफंगकडे बघितलं नाही. बाईंनी त्यांना गरम पाण्यात हात बुडवून व्यायाम करायला शिकवला आणि महिन्याभराने बोलावलं. त्या महिन्यात आफंग रोज पातेलं भरून पाणी तापवायची, आणि ते कंटाळले की म्हणायची, "बुडव, नाहीतर तुला जेवण मी भरवणार नाही." पुढच्या खेपेला मूठ मिटली. पूर्ण नाही, करंगळी जरा बाहेर राहिली, पण मिटली. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं पेन पुढे केलं. मास्तरांनी ते कुंचल्यासारखं उभं धरलं. बाई हसल्या. "हे धरता येतंय म्हणजे झालं. आता मला घाबरायचं कारण दिसत नाही, काका."

बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर बसले. आफंग शेजारी बसली आणि पिशवीतून बडीशेप घालून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुडी काढली. दोघांनी दाणे खायला घेतले. उजव्या हाताने सोलताना एखादा निसटून खाली पडत होता.

"पुढच्या वर्षी मी सगळ्या गल्लीच्या लिहिणार नाही," मास्तर म्हणाले. "निम्म्या नेरिसला देणार. ती राहतेय अजून दोन वर्षं, कॉलेजात तसं ठरलंय म्हणे."

"बरं."

"आणि चित्रं तिने शिकवायची. पुढच्या गल्लीतल्या बायका विचारत होत्या. मी अक्षर, ती चित्र. आपल्या घरातच बसतील."

"आपल्या घरात?"

"बाहेरच्या खोलीत."

आफंगने पुडी झटकली, घडी करून पिशवीत ठेवली. "मग शाई त्यांची त्यांनी उगाळायची," ती म्हणाली. "हे आधीच सांगून ठेव."

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.